शालनचा डबा

भांडी पुसताना शालनचा स्टीलचा डबा हाती आला. झाकणावर ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं तिचं नाव. निवडणुकीवरून आमचं वाजलं, त्याच्या थोडं आधी तिने त्यातून अळूवड्या पाठवल्या होत्या. मग बोलणं थांबलं आणि डबा माझ्याकडेच राहिला.

डबा रिकामा परत करायचा नाही, ही आमच्याकडची रीत. रागात तो भरून देववेना आणि रिकामा दिला असता तर सगळंच संपलं असतं. मतांवरून माणसं तुटतात तेव्हा अशी एखादी वस्तू कुणाच्या तरी मांडणीवर राहून जाते. ती कुणी परत मागत नाही, तोवर काहीतरी शिल्लक असतं, असं आपलं मला वाटतं.

आज त्यात बेसनाचे लाडू भरून मी तिच्या दारात उभी राहिले.

"मत बदललंस की काय?" तिने विचारलं.

"नाही. तू?"

"मीही नाही. ये आत."

लाडू तिने ताटात काढले. बोलता बोलता डबा धुतला, पुसला, सवयीने त्यात चकल्या भरल्या आणि माझ्या हाती दिला.

झाकणावरचं नाव तळहाताखाली झाकून मी तो घरी घेऊन आले.