तपासलं, विश्वास नको

जगात संशयी माणसं पुष्कळ असतील. पण व्हिडिओ गेमच्या खोक्यावरच्या एकेका अक्षराला आरोपी समजून त्याची उलटतपासणी घेणारा माणूस अख्ख्या बीदर जिल्ह्यात एकच झाला, आणि नेमकी त्याच्याच गळ्यात आमच्या अक्कानं माळ घातली. दाजींचं टीव्ही दुरुस्तीचं दुकान. घरोघरी रंगीत टीव्ही आले, पाठोपाठ त्यांना जोडायचे गेम आले, तेव्हापासून पार कमठाणा गावचे लोकसुद्धा नवं खोकं आधी दाजींपुढे आणून ठेवायचे. दाजी खेळून बघत आणि निकालाची चिठ्ठी खोक्यावर डकवत; वर मराठीत, खाली कानडीत. 'तपासलं. विश्वास नको.' फारच खूष झाले तर, 'तपासलं. सध्या ठीक.'

एकदा एक कॅसेट आली. तिच्यावर छापलेलं, नऊ हजार नऊशे नव्व्याण्णव खेळ! शहाणा माणूस हसून सोडून देतो. दाजी चार दिवस दुकानाची अर्धी फळी लावून मोजत बसले आणि पाचव्या दिवशी म्हणाले, "सातच हायेत. बाकीचे समदे ह्यांचेच भाऊबंद, निस्त्या टोप्या बदलून आल्यात!" बंदुकीचं तर विचारूच नका. पडद्यावरची बदकं मारायची ती प्लास्टिकची बंदूक दाजींनी टीव्हीकडे पाठ करून छताच्या बल्बावर रोखली, घोडा ओढला, आणि बदक पडलं की हो! "बल्बाला नेम धरला तर बदक मरायलंय. ही बंदूक न्हाई, खोटी साक्षीदार हाय," म्हणत त्यांनी तो प्रयोग आठवडाभर गल्लीला दाखवला. अक्का म्हणायची, "मला बघायला आले तवा बी ह्यांनी असंच उजेडात उभं करून बघितलतं."

अशा बापाचा मुलगा बंगळूरला गेम तपासायच्याच नोकरीला लागला. दुसऱ्या कुणाला अभिमान वाटला असता, दाजींना संशय आला. "खेळायचा पगार कोण देतंय? आन कामून देतंय?" त्यात कंपनी त्याला कॅनडाला पाठवायला निघाली. बापानं 'जा' म्हटल्याशिवाय जायचं नाही म्हणून पोरगं अडून बसलेलं, कंपनीला महिनाअखेर उत्तर हवं, आणि दाजी फोनवर नुसते "बघू" म्हणायचे. अक्काचा जीव टांगणीला लागला होता.

मग पोरानं यंत्रासकट एक गेम धाडला. मोटारींची शर्यत, दोघांनी दोन गावांहून इंटरनेटवर खेळायची. पण दोघांनी खेळायचा तो रस्ता गेमच्या तबकडीत नव्हताच. तो वेगळा विकत घेऊन इंटरनेटवरून उतरवायचा. दाजी भडकले. "मेथी घेतली की कोथिंबीर वर येती. वरचं कुणी इकत घेतंय व्हय रे?" शेवटी पोरानंच तो परस्पर घेतला. टेलिफोनच्या तारेतून रस्ता उतरायला दिवस गेला आणि दाजी दिवसभर त्या तारेवर पहारा देत बसले.

रविवारी शर्यत सुरू झाली. मी शेजारीच होतो. दाजींची गाडी दर वळणाला खड्ड्यात. थोड्याच वेळात ते ओरडले, "धरली खोट! मी पडलो की पुढची लाल गाडी थांबायलीय. मी उठलो की निघायलीय. कंपनी फसवायलीय!"

"दाजी, खोट न्हाई," मी म्हणालो. "पोरगं थांबायलंय तुमच्यासाठी."

दाजींनी माझ्याकडे बघितलं, मग पडद्याकडे. हातातलं रिमोट मांडीवर ठेवलं. मला त्या क्षणी त्यांची फार माया आली. मग त्यांनी फोन लावला.

"कामून थांबायलास रे? जा की पुढं. मी येतो माझ्या चालीनं."

तिकडून पोरगं काहीतरी म्हणालं.

"निस्तं गाडीचं न्हाई बोलायलो मी," दाजी म्हणाले. "कॅनडाचं बी बोलायलो. जा." आणि पोराचं उत्तर यायच्या आत त्यांनी फोन अक्काच्या हातात दिला.

पडद्यावरची लाल गाडी निघायला मग फार वेळ लागला.