निळी दोरी

तातडीचा माल नेणाऱ्या ड्रायव्हरचं निम्मं आयुष्य वाट बघण्यात जातं, असं सांगितलं की लोक हसतात. वडखळला पेट्रोलपंपामागच्या चिंचेखाली आम्ही पाच-सहा जण पिकअप लावून बसायचो. कुठल्याशा कारखान्यात मशीन बंद पडतं, तिथला साहेब ट्रान्सपोर्टवाल्यावर ओरडतो, ट्रान्सपोर्टच्या ऑफिसातला पोरगा आम्हा सगळ्यांना एकदम मेसेज टाकतो, आणि जो पहिला ‘हो’ म्हणेल त्याला माल. जेवताना उजवा हात कालवणात आणि डावा फोनवर. बायको म्हणायची, ‘माझ्या हाकेला कधी एवढ्या तातडीनं ओ दिलीत का?’

एकदा माल भरला की मात्र सगळं उलट. गाडी दहा मिनिटं एका जागी उभी दिसली की फोन येतो, ‘भाऊ, का थांबला?’ समोरच्या काचेवर कॅमेरा असतो. ड्रायव्हरशिवाय दुसरं डोकं आत दिसलं की तुमचं नाव यादीतून गेलंच म्हणून समजा. हा नियम मी चार वर्षं इमानदारीनं पाळला होता आणि मूर्खासारखा त्याचा मला अभिमानही होता.

त्या सकाळी मी बाबांना घेऊन आत्याकडे निघालो होतो. आत्या म्हणजे बाबांची एकुलती एक बहीण. आगरदांड्याला गाडीसकट फेरीबोटीत चढून खाडी ओलांडली की दिघी, आणि तिथून तीन किलोमीटर आत तिचं सासर. कित्येक दिवस ती अंथरुणाला खिळून होती. आदल्या संध्याकाळी आत्तेभावाचा फोन आला होता, ‘मामांना घेऊन ये. सारखी दादा-दादा करते.’ बाबांनी पांढरी टोपी घातली आणि पिशवीत दोन किलो जाडं मीठ घेतलं. त्यांचा जन्म मिठागरात गेला. आत्याला पुडीतलं मीठ कधी आवडलं नाही. माहेरचं मीठ संपलं की ती निरोप धाडायची.

वडखळच्या नाक्यावर फोन वाजला. माल तिथल्याच एका गोदामातला आणि जायचं होतं खाडीपलीकडच्या, मशीन बंद पडलेल्या एका कारखान्यात, आत्याच्या गावाच्या फाट्यावरूनच पुढे. रस्ता एकच! एका फेरीत दोन्ही कामं, आपल्यासारखा हुशार कोण! बाबांकडे न बघताच मी ‘हो’ दाबलं; दुसऱ्या डोक्याचा नियम त्या भरात आठवलाच नाही.

गोदामात एक लाकडी खोकं होतं, माझ्या कमरेएवढं. एका बाजूची फळी निखळत होती. हमाल म्हणाला, चालेल असंच. बाबांना असलं ‘चालेल’ कधी चालायचं नाही. त्यांनी माझ्या सीटमागची निळी नायलॉनची दोरी काढली. मिठाच्या गोणींना बांधायची ती त्यांचीच जुनी दोरी. खोक्याला चारी बाजूंनी फेरे घालून, गुडघा टेकवून, त्यांनी मिठागरातली दुहेरी गाठ मारली. ‘आता ही आपल्या आपन सुटायची न्हाय,’ म्हणाले.

निघण्याआधी केबिनचा फोटो पाठवावा लागतो. फोटो गेला आणि ऑफिसातल्या पोराचा लगेच फोन आला.

‘भाऊ, बाजूला कोण आहे?’

‘वडील आहेत. त्याच रस्त्याला जायचंय.’

‘पार्टी कडक आहे, भाऊ. उतरवा, नाहीतर मी गाडी बदलतो.’

फोन स्पीकरवर होता. मी बोलायच्या आधीच बाबांनी दार उघडलं. ‘कारखाना बंद परलाय ना रं? मानसा बसून असतील तिथं. तू जा, मी एश्टीनं येतो.’ गुडघा धरून ते एकेक पाय खाली टाकत उतरले. ‘बाबा, तू नीट ये, मी जेट्टीवर थांबतो,’ असं काहीतरी मी म्हणालो. ‘मग माल नको,’ एवढे तीन शब्द मला पोराला बोलता आले असते. ते मी बोललो नाही. आरशात बाबा एसटीच्या थांब्याकडे चालताना दिसले, आणि पोयनाड मागे पडल्यावर माझ्या लक्षात आलं की मिठाची पिशवी गाडीतच राहिली.

मी कुठंही थांबलो नाही. अलिबाग, रेवदंडा, मुरूड सगळं मागे टाकलं आणि आगरदांड्याला सुटायच्या बेतात असलेली बोट मिळाली. आत्याच्या गावाचा फाटाही तसाच मागे टाकला. कारखान्याच्या गेटवर वॉचमननं वेळ लिहिली तेव्हा दिलेल्या वेळेला चाळीस मिनिटं बाकी होती. ऑफिसातल्या पोरानं अंगठ्याचं चित्र पाठवलं. खोटं कशाला बोलू, ते बघून मला बरं वाटलं.

आता मी मोकळा होतो. सरळ आत्याकडे जाऊ शकलो असतो. पण ती पहिल्यांदा विचारणार, दादा कुठाय? त्यावर मी काय सांगणार होतो? म्हणून दिघीच्या जेट्टीवर गाडी लावून बसून राहिलो. बाबांना अलिबागला एक गाडी बदलायची होती, मुरूडला दुसरी. दोन बोटी येऊन गेल्या. तिसरी अर्ध्या खाडीत असताना कठड्याशी पांढरी टोपी दिसली आणि तेवढ्यात आत्तेभावाचा फोन आला. आत्या गेली होती. पंधरा मिनिटांपूर्वी.

ती बोट धक्क्याला लागेपर्यंतचा वेळ मी कसा काढला, मला सांगता येणार नाही. बाबा उतरले, त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं. ‘पिशवी गारीत हाय का?’ एवढंच म्हणाले. ते मीठ त्यांनी मांडीवर घेतलं आणि तीन किलोमीटर तसेच बसले.

मला ते एका शब्दानं बोलले नाहीत. बोलले असते तर मी भांडलो तरी असतो. उलट तेराव्याला कुणीतरी कुजबुजलं, तर बाबाच ठासून म्हणाले, ‘त्याच्यामुलं कारखाना चालू झाला. मानसांची चूल पेटली. असूदे.’ त्या वाक्यावर त्यांनी स्वतःला सावरलं होतं. मीही.

सहा महिन्यांनी दुसरा माल घेऊन मी त्याच कारखान्यात गेलो. मागच्या शेडच्या कडेला, भर उन्हात, ते खोकं होतं. दोरी तशीच बांधलेली. गाठ तशीच. मी स्टोअरकीपरला विचारलं. माणूस साधा होता. सरळ म्हणाला, ‘ते होय? त्या दिवशी तुम्ही गेटवर यायच्या आधीच जुना पार्ट दुरुस्त करून मशीन सुरू झालेलं. हे राहिलं पडून.’

‘मग मला कुणी कळवलं का नाही?’

‘तुम्ही रस्त्यात होता ना,’ तो म्हणाला.

मला त्याचा राग आला, ऑफिसातल्या पोराचा आला, आणि सगळ्यात जास्त माझा आला. तो म्हणाला, दोरी हवी तर घेऊन जा. बाबांची गाठ सोडवायला मला बराच वेळ लागला. नखं दुखली. शेवटी स्क्रूड्रायव्हर घालून ती सैल केली.

घरी बाबा ओटीवर बसले होते. मी दोरी त्यांच्यापुढे ठेवली आणि वाटेत पाठ केलेलं सांगून टाकलं. त्या लोकांनी खोकं त्याच दिवशी फोडलं, पार्ट बसवला, दोरी आठवणीनं जपून ठेवली होती.

बाबांनी दोरी हातात घेतली आणि एका टोकापासून बोटांतून सरकवत आणली. उन्हानं तिचा रंग पार उडून राखाडी झाला होता. मधे एका जागी त्यांची बोटं थांबली. जिथं गाठ होती तेवढी वीतभर दोरी अजून पहिल्यासारखी निळी होती.

बाबा त्या निळ्यावर अंगठा फिरवत राहिले.

‘आज सोरलीस ना ही?’

मी मान डोलावली.

‘आत व्हतं तरी काय रं?’ त्यांनी विचारलं.

कागदावर ‘मशीनचा पार्ट, तातडीचा’ एवढंच लिहिलेलं होतं. त्यापुढं मी कधी विचारलंच नव्हतं.