खुशालरावांनी स्टेअरिंग फिरवलं होतं

तुमच्या गावात पुरासाठी बोट आली, तिच्याजवळ उभं राहून तुम्ही फोटोही काढला. पण ती बोट नदीपर्यंत ओढून कोण नेतो, हे कधी विचारलं का?

आमच्या गावात खुशालराव नेत. दर्यापूर तालुक्यातलं, पूर्णेकाठचं गाव. तरुणपणी बैलगाडी, मग सगळी उमर काळी-पिवळी जीप. आत जेवढे, तेवढेच मागं लटकलेले. जिभेला हाड नव्हतं. भाड्यावरून घासाघीस करणाऱ्याच्या खानदानाची चौकशी करूनच पुढं निघायचे. दारूला मात्र कधी शिवले नाहीत.

लोकवर्गणीतून बोट आली, तिच्यासोबत दोन चाकांचा ट्रेलर. त्याची दांडी जीपच्या मागच्या हुकाला अडकवायची. पहिल्याच फेरीत ट्रेलर डावी-उजवी झोकांड्या खाऊ लागला. खुशालराव उतरले, बघितलं आणि म्हणाले की गाडी उलार झाली. उलार म्हणजे मागं वजन जास्त. बैलगाडी अशी भरली की जू बांधलेली धुरा वर उचलते आणि बैलांचे गळे आवळतात. बोटीचं इंजिन मागच्या टोकाला होतं. त्यांनी बोट ट्रेलरवर पुढं सरकवून बांधली. ट्रेलर सरळ चालू लागला.

इथपर्यंत ते बरोबर होते. पण गाडीवानाच्या मनात उलारीची धास्ती कायमची बसलेली असते. पेट्रोलचा डबा, दोर, जे येईल ते त्यांनी बोटीच्या पुढच्या टोकाला रचलं. जीप मागून बसली. चौकात कोणी विचारलं, "खुशालभाऊ, जीप उठाबशा काढून राह्यली काय?"

"तुह्या बापाले मांगं बसवलं होतं, तवापासून बसली," ते म्हणाले.

शेवटी गॅरेजवाल्या नितेशनं मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांत एक जादा पाटा टाकला. जीप ताठ उभी राहिली आणि सगळ्यांचं समाधान झालं. वजन कुठंच गेलं नव्हतं. ते दांडीवर तसंच होतं, जीपचं शेपूट दाबत होतं आणि पुढची चाकं जमिनीवरून हलकी करत होतं. बैलाच्या मानेवर भार झाला तर बैल अडतो. जीप अडत नाही. आणि मागं माणसं लटकवून उमर काढलेल्या खुशालरावांना हलकं स्टेअरिंग नवं नव्हतं.

ऑगस्टात पूर्णा फुगली. पलीकडच्या गावाला पाण्यानं वेढलं. तिथं त्यांची थोरली बहीण तानुबाई एकटी राहायची. आई गेल्यावर तिनंच त्यांना वाढवलेलं. तिचा फोन आला.

"खुशाल, पाणी ओट्यावर आलं. येतं ना तू?"

"निघालोच, बाई. माळ्यावर चढ."

लोकांनी मदत म्हणून तांदळाचे कट्टे आणि पाण्याचे कॅन आणले. तेही बोटीत पुढं चढले. गावाबाहेरच्या वळणावर काळ्या मातीचा चिखल रस्त्यावर आला होता. खुशालरावांनी स्टेअरिंग फिरवलं, चाकं फिरली, जीप सरळच गेली आणि नाल्यात उतरली. हुक तुटला, बोट दगडावर आपटून फाटली. भुवईतून रक्त गळत असताना तो माणूस फाटलेली बोट ओढत होता. अमरावतीहून दुसरी बोट येईपर्यंत दिवस कलला. तानुबाई माळ्यावर नव्हती. भिंत पडली होती, माळा तानुबाईला घेऊन पाण्यात गेला होता.

दुसऱ्या दिवशी गाव बोलू लागलं की खुशाल पिऊन होता, बहिणीला त्यानंच मारलं. सरळ नाल्यात कोण जातं? एका शब्दाला चार शब्द देणारे खुशालराव तेरवीला मला एवढंच म्हणाले, "स्टेअरिंग फिरवलं होतं मी. पुरं फिरवलं होतं."

मला राग आवरेना. अकोल्यात ट्रेलर बनवणाऱ्या एका कारखानदाराला गाठलं. त्यानं सांगितलं की ओढायच्या एकूण वजनाचा साधारण दहावा हिस्सा दांडीवर हवा. फार कमी झाला की ट्रेलर झोकांड्या खातो, फार जास्त झाला की स्टेअरिंग ऐकत नाही. पाटा टाकून जीप उभी राहते, भार हटत नाही.

मी धावतच त्यांच्याकडे गेलो. तुमचा हात चुकला नाही, हे सांगायला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"म्हंजे ते कट्टे उतरवले असते, तं मी पोचलो असतो?"

मला खोटं बोलता येत नाही. मी म्हटलं, बहुतेक पोचला असता.

त्यानंतर ते जीपजवळ गेलेच नाहीत. जेवण सुटत गेलं. थंडीत गेले.

गोदाबाई, त्यांची बायको, आजही दळण घेऊन गिरणीवर जाते आणि तिला ऐकू जाईल अशा बेतानं बाया दारूचं बोलतात. तुम्ही तिथं असाल तर गप्प बसू नका. चाकं फिरली होती, जीप वळली नाही, एवढं तिच्यासमोर मोठ्यानं सांगा.