सून भांडत नाही, डॉक्टर!

जाळं ओढलं की नुसती मासळी वर येत नाही. शेवाळ येतं, शंख येतात, कोणाची तरी फाटकी चप्पल येते. आजाराचंही तसंच. एक आजार घरात शिरला की त्याला दहा किस्से चिकटून येतात, आणि आजार गेला तरी किस्से जात नाहीत.

तर वेसाव्याच्या कोळीवाड्यात राहत होती एक सासू, एक सून आणि त्या दोघींच्या तावडीतून सुटायला आठ-आठ दिवस बोटीवर जाणारा एक मुलगा. सासू म्हणजे मी, धाकूबाय. सून यमुना. मुलगा जना. मी अंधेरीच्या मार्केटात बसायचे, यमुना टोपली घेऊन पारल्याच्या बिल्डिंगी फिरायची. उरलेल्या वेळात आम्ही दोघी भांडायचो. पाण्यावरून, मिठावरून, काही नसेल तर कालच्या भांडणावरून! तिची जीभ माझ्यापेक्षा धारदार होती. हे मी तिला कधी बोलले नाही.

आमच्या गल्लीत पहिला रंगीत टीव्ही आला त्या वर्षी यमुना भांडायची थांबली. मी काहीही बोलू दे, ती नुसती हसायची. मला बरं वाटायला हवं होतं. मला संशय आला. गप्प बसलेली सून काहीतरी शिजवत असते! दुसरा संशय माझ्या मनात नव्हताच. सून आपल्या हातातून चालली आहे, हे कळायला मला पुढचे सगळे किस्से लागले.

*

पहिला मुशीचा. मुशी हा मासा कल्ले बघून कळत नाही. वरून चकचकीत, आतून केव्हा उतरेल सांगता येत नाही. ती नाकानेच ओळखायची.

एक दिवस पारल्याच्या एक वहिनी, यमुनाचं जुनं गिऱ्हाईक, डबा घेऊन थेट माझ्यासमोर मार्केटात उभ्या राहिल्या. डबा उघडला. शेजारच्या तीन कोळणींनी पदर नाकाला लावले! कोळणींनी, बरं का!

"धाकूबाय, ही तुझ्या सुनेने सकाळी दिलेली मुशी!"

तेवढ्यात यमुना आलीच टोपली घेऊन. मी म्हटलं, "हे काय गो?" तिने डब्यात नाक घातलं, लांब श्वास घेतला आणि म्हणाली, "ताजी हाय की."

वहिनी म्हणाल्या, "यमुना, तुझं नाक काय नुसतं नथ अडकवायला आहे का?"

सगळ्या हसल्या. यमुनाही हसली. मी मात्र मनात म्हटलं, ही आमचं गिऱ्हाईक मुद्दाम तोडते आहे.

*

मग रॉकेलचा. मी दुपारी घरी आले, तर दारातच रॉकेलचा भपकारा! आत बघते तर डबा आडवा पडलेला, जमीन ओली, यमुनाच्या लुगड्याचा काठ भिजलेला, आणि ही बया स्टोव्हसमोर मांडी घालून काडी ओढायच्या बेतात!

मी झेप घेतली, काडेपेटी हिसकावली आणि ओरडले. माझी ओरड ऐकून शेजारची गंगूबाय आणि तिच्यामागे चार बाया धावत आल्या. त्यांना काय दिसलं? खाली रॉकेल, रॉकेलमध्ये सून, आणि हातात काडेपेटी घेऊन उभी सासू!

"धाकूबाय, ती पेटी खाली ठेव!" गंगूबाय किंचाळली.

"अगो, मी तिला वाचवतेय!"

"सगळ्या सासवा असंच सांगतात!"

यमुना शांतपणे म्हणाली, "काय झालं? मी चाय ठेवत होते."

पुढे महिनाभर नळावर रोज सकाळी बाया एकमेकींना विचारत, "यमुना दिसली काय आज?" माझ्या मनात ठाम बसलं, की हिने हे मला जेलात घालायला केलं. एवढा भपकारा हिला आला नाही असं कसं होईल?

*

गंगूबायला नंतर माझी दया आली. म्हणाली, "हिच्यावर कोणीतरी करणी केलीय." खाडीपलीकडून एक भगत आणला. त्याने यमुनाला पाटावर बसवलं, निखारे पेटवले आणि सांगितलं, "असा वास काढतो, की आत जे कोण आहे ते धूम ठोकेल!"

त्याने निखाऱ्यांवर हिंग टाकला, चामड्याचे तुकडे टाकले, कसले तरी केस टाकले. गंगूबाय पहिली बाहेर पळाली. मग मी. जना बोटीवर डिझेलच्या धुरात झोपणारा माणूस, तोही उंबऱ्यावर येऊन ओकला. शेवटी भगत स्वतः खोकत बाहेर आला.

आत यमुना एकटी पाटावर. डोळ्यांतून पाणी वाहतंय, पण नाक आकसलेलं नाही. म्हणते, "झालं काय? उठू?"

भगताने आपली पिशवी उचलली. "बाय, हे भूत माझ्या आवाक्यातलं नाय!"

आणि गेला. नारळसुद्धा न्यायचा विसरला.

*

मग यमुनाचं डोकं दुखायला लागलं. सकाळी उठली की डोकं धरून बसायची, उलटी व्हायची. एका डोळ्याने धूसर दिसतं म्हणाली. मी म्हटलं, चष्मा लागला असेल. अंधेरीला एक डोळ्यांचा डॉक्टर होता, दवाखान्याला लागूनच त्याचं चष्म्यांचं दुकान. त्याने डोळ्यांत औषध घातलं, बॅटरी मारून आत पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

मग मला म्हणाला, "आजी, हे चष्म्याचं काम नाही. हिच्या डोक्यात दाब वाढलाय. आजच मेंदूच्या डॉक्टरकडे न्या. मी चिठ्ठी देतो."

बाहेर आल्यावर मी जनाला म्हटलं, "ह्या दोन डॉक्टरांचं साटंलोटं आहे! चष्म्याचं दुकान टाकून बसलाय आणि चष्मा देत नाही!"

जना कधी आवाज चढवत नाही. त्या दिवशी चढवला. "आये, चष्म्याचं दुकान असून चष्मा विकत नाय, त्याच्यावर तरी विश्वास ठेव!"

*

मेंदूचा डॉक्टर पारल्यात बसायचा. तरुण, बारीक. पेशंटांचा बाकही त्याच्याच खोलीत. त्याने खिशातून रबराची हातोडी काढली आणि यमुनाच्या गुडघ्यावर मारली. किल्लीने तळपाय खरवडला. मी जनाकडे बघितलं. डोकं दुखतंय आणि हा पाय बघतो!

"आज तारीख काय?" त्याने यमुनाला विचारलं.

"अष्टमी."

तो काहीतरी लिहू लागला. मी म्हटलं, "काय लिहिता? बरोबर सांगितलंय तिने! आज अष्टमी. भांगाचं पाणी, भरतीला जोर नाय. भिंतीवर कॅलेंडर आहे, बघा!" त्याने खरंच उठून पाहिलं. लिहिलेलं खोडलं.

मग मला विचारलं, "आजी, हिला नक्की काय होतं?"

मी म्हटलं, "भांडत नाही, डॉक्टर."

बाकावरचे पेशंट हसले. जनाने मान खाली घातली. डॉक्टर मात्र हसला नाही. पेन हातात धरून म्हणाला, "कधीपासून?"

पहिल्यांदाच कोणीतरी मला हे विचारलं. मी सगळं सांगितलं. मुशी, रॉकेल, भगत. ऐकता ऐकता तो उठला, कपाटातून दोन बाटल्या काढल्या, यमुनाला डोळे मिटायला लावले आणि एक बाटली तिच्या नाकाखाली धरली.

"कसला वास?"

"कसलाच नाय."

"कॉफी आहे," तो मला म्हणाला. दुसरी धरली. लवंगेची. तीही नाही.

मला हे पटलं नाही. "आमच्या घरात कॉफी कोण पितो? तिला कशी कळणार? थांबा!" पारल्याला नणंद राहते, तिच्यासाठी मी सुकट बांधून आणली होती. पुडी सोडली. बाकावरचे लोक उठून उभे राहिले, एक म्हातारे गृहस्थ तर दाराबाहेर गेले. मी मूठभर सुकट सुनेच्या नाकाला टेकवायचीच बाकी ठेवली.

"यमुने, सांग. डोळे उघडू नको. काय आहे?"

ती वेसाव्यात जन्मलेली, सुकटीच्या ढिगावर खेळून मोठी झालेली पोर. तिने श्वास घेतला. विचार केला. म्हणाली, "आये, हात रिकामाच हाय तुमचा."

मी तिथेच जमिनीवर बसले. दीड वर्ष मी तिला लबाड समजत होते.

*

मोठ्या इस्पितळात नवीन मशीन आलं होतं, डोक्याचे आतून फोटो काढणारं. एका मोठ्या बांगडीत यमुनाला आडवी सरकवली. चार दिवसांनी डॉक्टरने तो काळा कागद उजेडावर धरला आणि पुढच्या बाजूला, दोन भुवयांच्या वर, एक पांढरा गोळा दाखवला. लिंबाएवढा.

मी म्हटलं, "हा फोटो हिचाच कशावरून?"

"खाली नाव लिहिलंय, आजी."

"नाव मला वाचता येत नाय. मला चेहरा वाचता येतो. ह्यात चेहरा कुठाय?"

त्याने खुर्ची ओढली आणि माझ्यासमोर बसला. डॉक्टर लोक बसून बोलायला लागले, की मला धडकी भरते. म्हणाला, गाठ साधी वाटते, पसरणारी नाही. पण वाढते आहे. वासाच्या नसा तिने केव्हाच दाबून टाकल्या. ज्या भागाने माणूस चिडतो, भांडतो, विचार करतो, तोही दाबलाय. ठेवली तर आधी डोळे जातील, मग ती जाईल. काढली तर वाचेल, पण ऑपरेशन मोठं आहे. टेबलावरून उठेलच असं नाही. उठली तर तुम्हाला ओळखेलच असं नाही. आणि वास काही परत येणार नाही.

जनाने सही केली. मी डॉक्टरला म्हटलं, "घरात माझं एक नाक आहे, तेवढं पुरे. नाक ठेवा तुमच्याकडे. सून परत द्या."

*

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी वॉर्डात न्हावी आला. यमुनाचे केस कमरेखाली, रोज त्यांत अबोली माळायची. एरवी तिने त्या न्हाव्याला जिन्यावरून ढकललं असतं. त्या दिवशी ती गप्प मान देऊन बसली. मी तोंड फिरवून उभी राहिले. नवरा जिवंत असताना बाईचं डोकं भादरायचं, हे बघवत नव्हतं.

पण कान उघडे होते. केस पडले तशी मी वळले. न्हावी ते कागदात गुंडाळत होता.

"कुठे नेतोस ते?"

"टाकायला, आजी."

"टाकायला का विकायला? का कोणा भगताला द्यायला? इकडे दे!"

सिस्टर धावत आली. म्हणाली, "आजी, इथे कोणी केस चोरत नाही!"

"डोकं उघडायला तयार झालात, केसांचा काय भरवसा?" मी सगळे केस पिशवीत भरले, गाठ मारली आणि ती पिशवी कुशीत धरून बसले. दुसऱ्या दिवशी ऑपरेशन चाललं तेवढा वेळ ती तशीच धरली होती. जना म्हणाला, "आये, दे मी धरतो." मी त्यालाही दिली नाही.

*

तिसऱ्या दिवशी तिने डोळे उघडले. डोक्याला पांढरा फेटा, डोळे सुजून चिखलातल्या निवटी माशासारखे वर आलेले. मेंदूचा डॉक्टर आला, त्याच्या मागे शिकणारे चार डॉक्टर.

"नाव सांगा."

"यमुना."

"ह्या कोण?"

"आये."

"छान!" डॉक्टर खुश झाला. जनाने डोळे पुसले. शिकणाऱ्या डॉक्टरांनी लिहून घेतलं.

मी पुढे झाले नाही. नाव काय, सिस्टरनेही पढवलं असेल! आवाज तोच, दीड वर्षाचा, मऊ, कोणाचाही नसलेला. डोकं उघडलं, बंद केलं, आत काय ठेवलं आणि काय काढलं ते कोणी बघितलं? ह्यांच्या प्रश्नांवर माझा भरवसा नव्हता. मी माझा प्रश्न काढला.

खाटेजवळ गेले, वाकले आणि सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल असं म्हटलं, "यमुने, आज खरं सांगते. तुझ्या आईच्या हातच्या कालवणाला कधी चवच नव्हती!"

"आये!" जना ओरडला. "तिचं डोकं उघडलंय गो!"

डॉक्टरने हात वर करून त्याला गप्प केलं. तो यमुनाकडे बघत राहिला. मीही. सिस्टर इंजेक्शन हातात धरून थांबली. यमुना वर छताकडे बघत होती. काही नाही. पुन्हा काही नाही. मग तिचा ओठ हलला. सुजलेला एक डोळा हळूहळू माझ्याकडे वळला.

"आये," ती म्हणाली, "टाके निघू देत. मग दाखवते कोणाच्या हाताला चव नाय ती!"

मी त्या मजल्यावरच्या एकूण एक माणसाला पेढा दिला. न्हाव्यालासुद्धा.

आणि त्या दिवशी आमचं जे भांडण पुन्हा सुरू झालं, ते एकवीरा आईच्या कृपेने अजून चालू आहे.