कमरेपर्यंतचे फोटो

परवा तुकोगंजच्या दवाखान्यात एका बाईंच्या पायातलं कॅलिपर, अधू पायाला आधार देणारा लोखंडी सांगाडा, खटखटलं आणि मला वीस वर्षांपूर्वीची नेहा आठवली.

तिची आई, वैशालीताई, माझ्याच ऑफिसात होत्या. "भिया, मला सुट्टी नाही. नेहाच्या फेअरवेलचे फोटो तुम्हीच काढा." शाळेच्या हॉलमध्ये नेहा कॅलिपर घालून घामाघूम होईपर्यंत नाचली. मला तिची दया आली, म्हणून मी प्रत्येक फोटो कमरेपर्यंतच घेतला. तेव्हा तो मला चांगुलपणा वाटला. आज लाज वाटते.

फोटो पाहून ताईंनी विचारलं, "नाचली, की नुसती उभीच होती?"

नेहाचा चेहरा उतरला. "काका, पाय दिसतायत असा एकही नाही?"

"ते सगळे हलले, बेटा," मी खोटं बोललो.

"देखा, मम्मी!" ती एकदम खुलली. "इतक्या जोरात नाचत होते मी!"