चित्रावर वाळत घातलेल्या मासोळ्या

चंद्रपूरच्या अलीकडे माजरी स्टेशन आलं तेव्हा गाडीच्या खिडकीतून मला पहिल्यांदा खरा काळा रंग दिसला. कोळशाचे ढीग, रस्त्यावरची धूळ, धुळीतून जाणारे ट्रक आणि त्यावर सकाळचं कोवळं ऊन. मी चित्रकार आहे. माझ्या चित्रांत घर, झाड, माणूस असं ओळखू येण्यासारखं काही नसतं. नुसतं पाणी, आभाळ आणि त्यांच्या मधली रेघ. घर रत्नागिरीला, त्यामुळे वीस वर्षं समुद्रच रंगवत आले. गेलं वर्षभर मात्र हातून उतरणारा प्रत्येक समुद्र मेलेला. प्रदर्शन तोंडावर आलेलं आणि त्याची मोठी भिंत रिकामी. सिरोंच्याजवळ प्राणहिता गोदावरीला मिळते, तिथे शेवटचं एक चित्र करून पाहायचं. नाही जमलं तर प्रदर्शनच रद्द करायचं, असं ठरवून निघाले होते.

चंद्रपूरहून एसटी धरली. माझ्या उंचीएवढी कॅनव्हासची गुंडाळी बघून कंडक्टरनं विचारलं, "बाई, हे मंडपाचं कापड कुठी नेऊन राह्यल्या?"

"कापड नाही भाऊ, यावर चित्र काढायचंय."

"एवढं मोठं? काऊन?"

मी हसून तिकिटाचे पैसे पुढे केले.

आलापल्लीपुढे सागाचं जंगल सुरू झालं आणि संपायचं नावच घेईना. ताटाएवढी वाळकी पानं रस्त्यावर पडलेली, आत उभ्या खोडांच्या मागे पुन्हा खोडंच. लहानपणी समुद्रासमोर छाती दडपायची, तशी इथे दडपली. शेजारची बाई खुशाल झोपली होती. मला मात्र डोळा मिटवेना.

रात्री सिरोंच्यात मुक्काम केला, दुसऱ्या दिवशी सकाळी संगमावर गेले. हिवाळ्यामुळे वाळूची बेटं वर आली होती. एक पाणी हिरवट, दुसरं मातकट. बरंच अंतर दोन्ही शेजारी शेजारी चालत होती, मग कधी एक झाली ते कळलंच नाही. पलीकडे तेलंगण. मी वाळूवर कॅनव्हास अंथरला, चारही कोपऱ्यांना दगड ठेवले आणि हातानंच रंग पसरू लागले.

उन्हं वर आली तेव्हा चित्र झालं होतं. आणि तेही मेलेलंच होतं. रडू आलं. वरचा जाड थर ओला होता, म्हणून ते तिथेच ठेवून गावातल्या खानावळीत गेले. भात, आंबाडीची भाजी आणि मासोळीचा झणझणीत रस्सा. जेवतानाच परतीच्या गाडीची चौकशी केली.

परत आले तर चित्र चमकत होतं. त्यावर बोटाएवढ्या चंदेरी मासोळ्या पसरलेल्या, आणि टोपली घेऊन एक बाई उरलेल्या ओळीनं मांडत होती.

"अहो, हे काय करताय?"

"चेपलु, म्हंजे मासोळी, वाळवून राह्यली," ती सहज म्हणाली. "काऊन, तुमची ताडपत्री हाय का?"

"चित्र आहे ते!"

तिनं खाली पाहिलं, आपल्या रंगानं माखलेल्या बोटांकडे पाहिलं आणि टोपली खाली ठेवली. "अगं माय! चार दगड दिसले ना, मले वाटलं माह्या सासूनंच पसरून ठेवली असन. अक्का, मले समजलंच नाई. थांबा, नदीत धुऊन देतो." तिचं नाव पोसक्का. सकाळभराची मासोळी रंगात वाया गेली होती, तरी तिला काळजी माझ्या कापडाची.

आम्ही दोघींनी मिळून एकेक मासोळी उचलली. प्रत्येकीखाली तिचा ठसा निघाला, काठाला खवले चिकटलेले. सगळ्यांची तोंडं एकीकडे, जणू थवाच हिरव्या पाण्यातून मातकट पाण्यात निघालाय. पोसक्का चित्राचं टोक धरून नदीकडे ओढू लागली, तसे मी तिचे दोन्ही हात धरले.

"धुऊ नका. आत्ता झालंय ते."

तिचा विश्वास बसेना. रंग लागलेल्या मासोळ्या आम्ही वाळूत पुरल्या. संध्याकाळी मी तिच्यासोबत जाळं ओढलं. टोपली या वेळी अर्धीच भरली, पण ती हसली.

रत्नागिरीला गुंडाळी सोडली तेव्हा नवऱ्यानं आधी नाक वर करून वास घेतला. "सुकट आणलीस का गं?"

मी जुने समुद्र काढून त्या चित्राशेजारी भिंतीला लावले आणि समोर बसले. मोठ्या भिंतीची चिंता मिटली होती. तरी उठवेना. वीस वर्षं मी समुद्र रंगवला, आणि त्यात एकही मासा नव्हता.