चार मिलिग्रॅमची गोळी

औषधांच्या दुकानात बावीस वर्षं उभ्या असलेल्या त्या बाईंना सगळे खात्रीबाई म्हणत. नाव दुकानाच्या मालकांनी ठेवलेलं, पण गिऱ्हाइकांनी उचललं आणि ते कायमचं चिकटलं. खात्रीबाई डॉक्टरांची चिठ्ठी वाचायच्या, खणातून औषध काढायच्या, परत चिठ्ठी वाचायच्या, आणि गिऱ्हाईक पायरी उतरतंय तोवर त्याला हाक मारून पिशवी उघडायला लावायच्या. लोक वैतागायचे, पण औषध घ्यायला यायचे त्यांच्याचकडे.

हे दुकानापुरतं असतं तर कुणाचं काही बिघडलं नसतं. घरातून निघताना कुलूप ओढून बघायचं, कोपऱ्यापर्यंत जायचं, मागे येऊन पुन्हा ओढायचं. मुलीचा शिकायच्या गावाहून फोन दहा मिनिटं उशिरा आला की ती जिन्यावरून पडलेली यांना दिसायची. यजमान बस चालवायचे. माणूस इतका निवांत की टायर फुटला तरी आधी पाणी पिऊन घेणारा. ते म्हणायचे, "आमची ही चर्चमध्ये आमेनसुद्धा दोनदा म्हणते. पहिलं पोचलं की नाही, काय भरवसा."

मी त्याच चर्चमध्ये जाते. गाणाऱ्यांच्या रांगेत त्यांच्या शेजारी उभी असते, म्हणून हे सगळं मला ठाऊक. एका रविवारी पाळकांनी काळजी न करण्याविषयी प्रवचन दिलं. बाकीचे हलक्या मनानं घरी गेले, खात्रीबाई नवी काळजी घेऊन गेल्या. काळजी करणं म्हणजे विश्वास कमी पडणं असेल, तर आपलं काय होणार? त्यांची प्रार्थनाही यादीसारखी असायची. यजमानांच्या बसचे ब्रेक, मुलीची परीक्षा, धाकट्या जावेचं बाळंतपण, शेजारणीचा रक्तदाब. मध्ये एखादं नाव सुटलं असं वाटलं की पहिल्यापासून सुरू. शेवटी देवाच्या हाती काही सोपवल्यासारखं वाटायचंच नाही, सगळी कामं त्याला नीट समजावून दिलीत की नाही याचीच धास्ती.

त्या मंगळवारी अकराच्या सुमारास एक म्हातारे गृहस्थ दुकानात आले. गुडघे दुखत असल्यामुळे काउंटरला रेलून उभे राहिले. बायकोला साखरेचा आजार, डॉक्टरांनी नवी गोळी लिहून दिलेली, एक मिलिग्रॅमची. खात्रीबाईंनी चिठ्ठी वाचली आणि खण ओढला. एकाच कंपनीच्या एक आणि चार मिलिग्रॅमच्या गोळ्या तिथे शेजारी शेजारी असत. खोकी सारखी, हिरव्या पट्ट्याची. फरक फक्त आकड्याचा.

नेमक्या त्याच क्षणी मनात आलं, सकाळी दूध तापवल्यावर गॅस बंद केला का? झालं. त्यांनी शेजारणीला फोन लावला, तिच्याकडे घराची किल्ली असायची. फोन खांद्यानं कानाशी दाबून धरला होता आणि हात आपलं काम करत होते. शेजारीण आत जाऊन बघून आली, बंद आहे म्हणाली. खात्रीबाईंचा जीव असा भांड्यात पडला की त्या म्हाताऱ्यांकडे बघून चक्क हसल्या. दुपारच्या जेवणाआधी एक द्या, असं सांगून स्ट्रिप त्यांच्या हातात ठेवली. परत हाक मारली नाही.

सव्वा वाजता गर्दी ओसरली. संपत आलेल्या औषधांची यादी करायला त्यांनी खण उघडला. एक मिलिग्रॅमच्या पाच स्ट्रिप असायला हव्या होत्या, सहा होत्या. चारच्या चार हव्या होत्या, तीनच निघाल्या. आदल्या संध्याकाळी त्यांनीच मोजून ठेवल्या होत्या. त्यांनी पुन्हा मोजल्या, मग तिसऱ्यांदा. पुढे मला सांगताना म्हणाल्या, आयुष्यात पहिल्यांदा दुसऱ्या वेळी मोजायची गरजच नव्हती. पहिल्याच वेळी कळलं होतं.

चौपट जोराची गोळी. साखर इतकी खाली जाऊ शकते की माणूस बेशुद्ध पडतं. म्हातारं माणूस तर उठायचंही नाही.

मालक मागच्या खोलीत जेवत होते. खात्रीबाईंनी सगळं सांगितलं. त्यांचा घास हातातच राहिला. माणूस वाईट नव्हता, पण दुकान त्यांनी कष्टानं उभं केलेलं. ते म्हणाले, "जा, ताबडतोब जा. पण तिथे एवढंच सांगा की कंपनीनं हा माल परत मागवलाय, म्हणून बदलायला आले. बाकी बोलायचं काम नाही." खात्रीबाईंनी मान हलवली. हो म्हटलं की नाही, हे त्यांचं त्यांनाही कळलं नाही.

समोरच्याच दवाखान्यातली ती चिठ्ठी. तिथल्या नर्सनं वहीत बघून पत्ता दिला आणि फोन लावला. पलीकडे नुसती घंटी वाजत राहिली. डॉक्टर जेवायला घरी गेले होते, त्यांना नर्सनं फोनवर गाठलं. ते म्हणाले, शुद्धीवर असतील तर आधी पोटभर खायला घाला, दर अर्ध्या तासानं साखर तपासा, सत्तरच्या खाली गेली तर साखरपाणी द्या आणि मला कळवा, चढली नाही किंवा गुंगी आली तर वाट न बघता हॉस्पिटल. नर्सनं साखर बघायचं छोटं यंत्र खात्रीबाईंच्या हातात कोंबलं.

पत्ता पंधरा मिनिटांवरचा. खात्रीबाई पळत सुटल्या. पन्नाशीची बाई, अंगावर दुकानाचा पांढरा कोट, लोक वळून बघत होते. पळता पळता त्या प्रार्थना करायला लागल्या आणि यादी सुरूच होईना. देवा, त्या बाईंना, देवा, ती गोळी, आणि पुढे शब्दच नाहीत. मग मालकांचं वाक्य आठवायचं. किती सोपं होतं ते. कंपनीचा माल, बदलायला आले. म्हातारा आभारसुद्धा मानेल.

तिसरा मजला. दार म्हाताऱ्यांनीच उघडलं. फोन आतल्या खोलीत होता आणि दोघांनाही कमी ऐकू यायचं. खात्रीबाईंना धाप लागली होती. सोपं वाक्य तोंडाशी आलं होतं, पण आत जेवणाच्या टेबलाशी बसलेली बाई त्यांना दिसली.

"मी चुकीची गोळी दिली," त्या म्हणाल्या. "चूक माझी आहे. घेतली का त्यांनी?"

घेतली होती. पाऊण वाजता, सांगितल्याप्रमाणे, जेवणाआधी. आणि भूक नाही म्हणून जेवण अर्धंच झालं होतं.

म्हातारे संतापले. कसली माणसं तुम्ही, जीव घ्याल एखाद्याचा, असं बरंच बोलले. त्यांना थांबवलं ते त्यांच्या बायकोनं. ती शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेली, आवाज अजून वर्गात पोचेल असा. ती म्हणाली, "चूक झाली ते कळलं. पुढची पायरी सांगा."

पुढची पायरी म्हणजे जेवण. भूक नसताना त्या शिक्षिकाबाईंना उरलेलं ताट संपवायला लावलं. दोन वाजता बोटाला सुई टोचली, एकशे दहा. अडीचला एक्क्याण्णव. आकडा उतरत होता आणि खात्रीबाईंच्या जिवाचं पाणी होत होतं. करायला काहीच उरलं नव्हतं. आयुष्यभर त्यांनी भीतीला काही ना काही काम देऊन गप्प बसवलं होतं, कुलूप ओढ, खण मोज, फोन लाव. इथे नुसतं बसायचं होतं, एका अनोळखी स्वयंपाकघरात, भिंतीवरच्या घड्याळासमोर. आणि एक गोष्ट मनातून हलेना. ही चूक निष्काळजीपणानं झालेली नव्हती, काळजीनं झाली होती. गॅसच्या काळजीनं. जिच्या आधारानं आपण जगाला सांभाळतोय असं त्यांना वाटत आलं होतं, तिनंच दगा दिला होता.

तीनला अडुसष्ट. बाईंच्या कपाळावर घाम आला, बोटं कापायला लागली. खात्रीबाईंनी पाण्यात साखर ढवळून पेला त्यांच्या ओठांना लावला. अर्धं पाणी हनुवटीवरून खाली गेलं. त्यांनी डॉक्टरांना फोन केला. डॉक्टर म्हणाले, पंधरा मिनिटांनी परत बघा, गाडी तयार ठेवा. म्हातारे गाडी बघायला खाली उतरले, एकेक पायरी धरत.

त्या पंधरा मिनिटांत त्या दोघीच होत्या. खात्रीबाईंनी बाईंचा हात धरला होता आणि ओठ हलत होते. यादी नव्हती. काय करायचं ते देवाला समजावून सांगणंही नव्हतं. तू इथे आहेस ना, तू इथे आहेस ना, एवढंच.

बाईंनी विचारलं, "काय पुटपुटताय?"

"प्रार्थना करतेय."

"माझ्यासाठी?"

खात्रीबाई म्हणाल्या, "तुमच्यासाठी. आणि मला फार भीती वाटतेय, म्हणून."

देवाधर्माशी बाईंचा फारसा संबंध नव्हता, हे त्यांनी नंतर स्वतःच सांगितलं. पण तेव्हा त्या म्हणाल्या, "मग मोठ्यानं करा. भीती मलाही वाटतेय."

आणि खात्रीबाईंनी मोठ्यानं प्रार्थना केली. चर्चमध्ये चारचौघांत गाण्यापलीकडे तोंड न उघडणारी बाई. प्रभू येशू, आम्ही दोघी घाबरलोय, असं त्यांनी सुरू केलं. मी चुकले, मला क्षमा कर, आणि यांना माझ्या चुकीचं ओझं वाहायला लावू नकोस. माझ्या हातात आता काही नाही. आमच्याजवळ बस. बस म्हणताना त्यांनी खरंच समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे बघितलं, एखाद्या पाहुण्याला सांगावं तसं.

काय झालं ते त्यांना नीट सांगता येत नाही. भीती गेली नाही. पण हात थांबले. सकाळपासून कशाला ना कशाला चाचपडणारे हात बाईंच्या हातात शांत पडून राहिले. बाई मरू शकते, हे त्यांना त्या क्षणी स्वच्छ दिसत होतं, आणि तरीही आपण एकट्या नाही, हेही तेवढंच स्वच्छ दिसत होतं.

सव्वातीनला चौऱ्याहत्तर. साडेतीनला ब्याऐंशी. बाईंना पुन्हा थोडं खायला दिलं. चारला शहाण्णव. म्हातारे खुर्चीत बसून रुमालात तोंड झाकून रडले. या गोळीचा अंमल बराच वेळ राहतो म्हणून डॉक्टर स्वतः येऊन गेले, त्यांनी संध्याकाळी बाईंना दवाखान्यात ठेवून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी घरी सोडलं. त्यांना काही अपाय झाला नाही.

प्रकरण मात्र तिथे संपलं नाही. म्हाताऱ्यांनी औषध खात्याकडे लेखी तक्रार केली. त्यांच्या जागी मीही केली असती. तीन आठवड्यांनी चौकशीची तारीख लागली. मालक खात्रीबाईंशी कामापुरतंच बोलायला लागले. दुकान बंद होईल, परवाना जाईल, बावीस वर्षांचं नाव मातीत जाईल, हे सगळं खात्रीबाईंना दिवसातून शंभरदा दिसायचं. त्या तीन आठवड्यांत त्यांचं वजन उतरलं. एका रविवारी गाणं चालू असताना त्या मध्येच खाली बसल्या, मला वाटलं चक्कर आली. त्या म्हणाल्या, "नाही गं, पाचावर धारण बसलीये. थोडी बसते, आणि त्यालाही बसवून घेते." तेव्हा मला हे कळलं नव्हतं. मी नुसता त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

त्यांची रीत अशी झाली होती. भीती उठली की तिला काम द्यायचं नाही. हातातलं खाली ठेवायचं, दोन मिनिटं बसायचं, आणि ज्याची भीती वाटते ते देवासमोर नाव घेऊन सांगायचं. कधी मन शांत व्हायचं, कधी व्हायचं नाही. झालं नाही तरी उठून पुढच्या कामाला लागायचं. पूर्वी मनाची खात्री पटल्याशिवाय त्यांचं पाऊल पुढे पडायचं नाही. आता तशी अट राहिली नव्हती.

चौकशीत अधिकाऱ्यानं विचारलं, गोळी देताना काय करत होतात. फोनवर बोलत होते, असं त्यांनी सांगितलं, आणि कशाबद्दल तेही सांगितलं. मालकांनी मान खाली घातली. म्हाताऱ्यांच्या बायकोचा जबाबही वाचून दाखवण्यात आला. त्यांनी लिहिलं होतं की या बाई स्वतः धावत आल्या, खोटं बोलल्या नाहीत, आणि त्या आल्या नसत्या तर मी दुपारची झोप घ्यायला आडवी झाले असते. दुकानाला आणि खात्रीबाईंना लेखी ताकीद मिळाली. परवाना राहिला.

परतताना बसथांब्यावर मालक त्यांच्याशेजारी येऊन उभे राहिले. मग म्हणाले, त्या दिवशी मी तुम्हाला भलतंच सांगितलं होतं. खात्रीबाई म्हणाल्या, मीही जवळजवळ तेच बोलणार होते. दुसऱ्या दिवशी दोघांनी मिळून खण रिकामे केले, सारख्या दिसणाऱ्या औषधांची खोकी दूर दूर मांडली, आणि काउंटरवर फोन घ्यायचा नाही असं ठरवलं.

दुपारी तापानं फणफणलेल्या लेकीला कडेवर घेऊन एक आई आली. तिनं चिठ्ठी पुढे केली. खात्रीबाईंनी ती वाचली, औषधाची बाटली काढली, आकडा चिठ्ठीशी ताडून बघितला. मग बाटली त्या आईसमोर धरून म्हणाल्या, "हे बघा, इथे काय लिहिलंय ते तुम्हीही वाचा. दोघींनी बघितलेलं बरं."